वाचनालयाच्या फरशीचं वर्ष

आमच्या गावच्या वाचनालयाच्या हॉलला पॉलिश काँक्रीटची फरशी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा घासून घेतली आणि त्यानंतर वर्षभर आम्ही ती सांभाळली. मी वाचनालयाची सहकार्यवाह. काम अंगावर आलं तेव्हा या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माहिती शोधायला बसले तर जे सापडलं ते गोदामांचं, शोरूमचं, मोठ्या कारखान्यांचं. जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातल्या गावात, बोअरच्या पाण्यावर, वरण-बट्टीच्या पंगती उठणाऱ्या हॉलमध्ये ही फरशी कशी ठेवायची, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे सगळं, पैशांसकट.

हॉल २,२०० चौरस फुटांचा. त्यातला मागचा ८०० फुटांचा भाग म्हणजे अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षांची आणि पोलीस भरतीची मुलं बसतात. पुढचा १,४०० फुटांचा भाग कार्यक्रमांसाठी. २०१९ साली बांधकाम झालं तेव्हा ट्रिमिक्स करून (म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी मशीनने ओढून घेऊन), ते पिकल्यावर मशीनने घासून चमक आणली होती. उद्घाटनाच्या फोटोत फरशीत खिडक्या दिसतात. २०२४ पर्यंत तीच फरशी राखाडी, मातकट, आणि स्टेजसमोर तर पांढऱ्या डागांची झाली होती. मध्ये एका कार्यक्रमात ऑइलपेंटची रांगोळी काढली गेली आणि ती काढायला कुणीतरी संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतलं. त्या जागेवरून बोट फिरवलं की वाळू लागायची.

तेव्हा मला पहिली गोष्ट समजून घ्यावी लागली. या फरशीची चमक वरून लावलेली नसते. हिऱ्याच्या कणांच्या चकत्यांनी काँक्रीटच जाड ग्रिटपासून बारीक ग्रिटपर्यंत घासत नेतात. ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. मध्ये डेन्सिफायर म्हणून सिलिकेटचं द्रावण पाजतात. काँक्रीटमध्ये मोकळा चुना उरलेला असतो, त्याच्याशी सिलिकेटचा संयोग होऊन सिमेंटला ताकद देणारा पदार्थच आणखी तयार होतो आणि वरचा थर टणक होतो. सगळ्यात शेवटी गार्ड नावाच्या संरक्षक द्रावणाचा एक पातळ हात देतात, तो डाग आत शिरायला थोडा वेळ लावतो, एवढंच. अ‍ॅसिड पडलं की ते थेट चुन्यावर तुटून पडतं. फेस येतो, आपल्याला वाटतं मळ निघतोय, प्रत्यक्षात फरशी निघत असते.

१८ ऑगस्ट २०२४ च्या बैठकीत विषय निघाला. अर्ध्या लोकांचं म्हणणं, वरून विट्रिफाइड टाइल्स टाका आणि मोकळे व्हा. दोघांना इपॉक्सी, म्हणजे रेझिनचा जाड थर, हवं होतं, कारण जळगावच्या कुठल्याशा दवाखान्यात पाहिलं होतं. टाइल्सचा अंदाज चौरस फुटाला मजुरीसह १३० रुपये, म्हणजे २,८६,००० रुपये. शिवाय फरशीची उंची वाढणार, म्हणून दारं खालून कापावी लागणार. इपॉक्सीसाठी माझ्या भाच्याने, तो सिव्हिलचा डिप्लोमा झालेला आहे, एक साधी चाचणी सांगितली. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं. पाण्याच्या टाकीकडच्या भिंतीजवळ कागदाच्या आतून थेंब जमले होते. खालून ओल येत असेल तर इपॉक्सीचा थर फुगून पापुद्रे सुटतात. इपॉक्सीचा विषय तिथेच संपला. ही चाचणी फुकट आहे. कुठल्याही फरशीवर काहीही लावायच्या आधी करून बघा.

दुसरी चाचणीही भाच्याचीच, आणि तिने आमचे खरे पैसे वाचवले. मशीनवाल्याला बोलावण्याआधी फरशी नुसती नीट धुऊन बघ, असं तो म्हणाला. अभ्यासिकेच्या कोपऱ्यात चार फूट बाय चार फूट जागा घेतली. तेलकट मळ काढणारं अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, क्लीनर पातळ करून टाकलं, दहा मिनिटं तसंच ओलं ठेवलं, नायलॉनच्या ब्रशने घासलं, वायपरने काळं पाणी ओढून घेतलं आणि साध्या पाण्याने दोनदा पुसलं. खाली बऱ्यापैकी चकाकणारी फरशी निघाली! वरचा मातकटपणा वर्षानुवर्षांच्या फिनेलचा होता. फिनेलचा तेलकट थर बसतो, त्यावर धूळ चिकटते, त्यावर पुन्हा फिनेल. त्यात बोअरच्या पाण्यातले क्षार. स्टेजसमोर मात्र असंच धुऊनही काही फरक पडला नाही, तिथली फरशी खरोखरच खाल्ली गेली होती. म्हणजे अभ्यासिकेचे ८०० फूट मशीनविना भागणार होते आणि मशीन फक्त १,४०० फुटांना लागणार होतं.

सप्टेंबर दरपत्रकांत गेला. गणपतीच्या दिवसांत कुणी फोन उचलत नाही, हे गृहीत धरा. शेवटी तीन दरपत्रकं आली: चौरस फुटाला ४५, ८५ आणि १३० रुपये. पंचेचाळीसवाल्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, काच करून देतो." कितव्या ग्रिटपर्यंत घासणार, डेन्सिफायर कोणतं, असं विचारलं तर "ते तुम्ही आमच्यावर सोडा". खोदून विचारल्यावर कळलं की तो वरून मेणासारखा एक थर देऊन बफिंग करणार होता, म्हणजे पॅड फिरवून चमकवणार होता. महिना-दोन महिने चमकतं, मग चपलांच्या वाटा पडतात. एकशेतीसवाला ३,००० ग्रिटपर्यंत नेणार होता. पंच्याऐंशीवाला भुसावळहून स्वतः आला, पाण्याचे थेंब टाकून किती वेळात मुरतात ते पाहिलं, किल्लीने ओरखडा काढून पाहिला आणि कपाटामागे हाताच्या मशीनने तीन फुटांचा नमुना करून दाखवला. आम्ही त्याला काम दिलं ते त्या नमुन्यावर. नमुना दाखवायला जो तयार नसेल, त्याचा दर किती का कमी असेना, मी तरी त्याच्या वाटेला जाणार नाही.

८०० ग्रिटवर थांबायचं, हे त्यानेच सुचवलं. त्याच्या पुढे नेलं की आरसा होतो, पण ट्यूबलाइट फरशीतून डोळ्यांत येते, प्रत्येक पाऊल उमटून दिसतं आणि वरचा खर्च वाढतो तो वेगळाच. वाचनालयाला आरसा कशाला हवा?

आता कागदपत्रं. आमचे कोषाध्यक्ष नाना या बाबतीत काटेकोर, आणि ते तसे आहेत म्हणून बरं. तिन्ही दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता त्यांनी करून घेतला. सर्वांत कमी दर का नाकारला याचं कारण ठरावात लिहायला लावलं. पैसे परिरक्षण अनुदानातून (सरकारकडून वाचनालय चालवायला मिळणाऱ्या पैशांतून) नकोत, इमारत निधीतून द्यायचे, म्हणजे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणीत अनुदानाच्या हिशेबाशी गल्लत होणार नाही, हेही त्यांचंच. एका सदस्याला शंका होती की धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागेल. आमच्या सीएंनी सांगितलं, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ हे स्थावर मालमत्ता विकणं, बक्षीस देणं, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणं अशांसाठी आहे, दुरुस्तीला ते लागत नाही. ठराव आणि जीएसटीचं पक्कं बिल मात्र हवंच. एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर असल्याने तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४सी प्रमाणे टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच वळता करायचा आयकर, कापावा लागला. ठेकेदार व्यक्ती असेल तर एक टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर दोन. आमच्याकडे एक टक्का, तोही जीएसटी वगळून. ठेकेदाराचा पॅन आधीच मागून ठेवा, बिलाच्या दिवशी शोधाशोध नको.

६ ऑक्टोबरला ठराव, १० तारखेला कार्यादेश (वर्क ऑर्डर). त्यात काय काय लिहिलं ते सांगते, कारण नंतर प्रत्येक ओळ कामाला आली. कुठल्या ग्रिटपासून कुठल्या ग्रिटपर्यंत. डेन्सिफायर आणि गार्डचे डबे आमच्यासमोर फोडायचे. जोड भरायचे. स्लरी, म्हणजे घासताना निघणारा चिखल, ठेकेदाराने उचलून न्यायची. ३० टक्के आगाऊ, ६५ टक्के काम झाल्यावर, ५ टक्के वर्षभर राखून.

आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. दुसऱ्याच दिवशी गावात चर्चा, "आता काम नाही करता येत." आम्ही निधी स्वतःचा वापरत होतो, सरकारी पैसा नव्हता आणि कार्यादेश आधीचा होता, त्यामुळे ती अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती. आमचा हॉल मतदान केंद्र असतो. २० नोव्हेंबरला मतदान, म्हणजे १९ तारखेला पथक मुक्कामाला येणार. दिवाळीच्या सुटीत काम उरकावं म्हटलं तर कारागीर बिहारचे, ते छठ झाल्याशिवाय परत येणार नव्हते, आणि छठ ८ नोव्हेंबरला संपत होती. तहसील कार्यालयात एक पत्र देऊन ठेवलं की दुरुस्ती चालू आहे, १८ तारखेपर्यंत हॉल मोकळा होईल. पोच घेतली. आता ठेकेदाराइतकीच आम्हालाही तारीख पाळायची होती.

विजेचा घोळ शेवटी शेवटी लक्षात आला. मोठं ग्राइंडिंग मशीन थ्री फेजवर चालतं आणि वाचनालयाला जोडणी सिंगल फेजची. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेता येते. त्यासाठी अर्ज, जागेचा पुरावा, अनामत रक्कम आणि परवानाधारक वीज ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तुमच्याकडे वेळ असेल तर तेच करा, स्वस्त पडतं. आमच्याकडे नव्हता, म्हणून मंडपवाल्याचा जनरेटर घेतला. तो म्हणाला, "ताई, तुळशीचं लग्न झालं की माझी लग्नं सुरू. १७ तारखेला जनरेटर मला दारात पाहिजे." एकीकडे छठ, दुसरीकडे लग्नसराई, पलीकडे निवडणूक. फरशी घासायची तारीख काढायला मुहूर्तच पाहावा लागला म्हणा ना.

११ नोव्हेंबर, सोमवार. हॉल रिकामा झाला. अभ्यासिकेची मुलं विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात गेली. दुसऱ्याच दिवशी कार्तिकी एकादशी, भजनी मंडळ आलं आणि मुलांना तिथूनही उठावं लागलं. त्यांनी कुरकुर केली नाही, उलट दोघं-तिघं कपाटं सरकवायला आली. पुस्तकांच्या खोलीच्या दाराला प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. हे काम कोरडं केलं तर सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. पुस्तकांवर बसते ती वेगळी. म्हणून ओल्या पद्धतीने, पाणी सोडत घासायचं ठरलं होतं. तरीही कारागिरांना मास्क घालायला लावा. ते घालत नाहीत, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पहिल्या दिवसाचा आवाज आणि राड पाहून माझा धीर सुटला होता. आख्खा हॉल राखाडी चिखलाचा. स्टेजसमोर अ‍ॅसिडने खाल्लेल्या जागी जरा खोल घासावं लागलं, तिथली खडी जास्त उघडी पडली आणि बाकीपेक्षा वेगळी दिसायला लागली. मिस्तरी म्हणाला, "मॅडम, ये निशान पूरा नहीं जाएगा। चमक बराबर आएगी, रंग थोडा अलग रहेगा।" तसंच झालं. तो पट्टा आजही ओळखू येतो. ज्यांच्याकडे अ‍ॅसिड पडलेलं असेल त्यांनी ही अपेक्षा आधीच ठेवावी. मशीन चमक परत आणतं, खडी पुन्हा झाकत नाही.

स्लरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ठेकेदार याबद्दल स्वतःहून बोलत नाहीत. ओल्या घासणीतून निघणारा हा चिखल सिमेंटचाच, म्हणजे जबरदस्त अल्कलाइन. मी पीएचची पट्टी बुडवली तर रंग १२ च्या घरात. उघड्या हातापायांची कातडी जाते, गमबूट आणि हातमोजे हवेतच. गटारात सोडला तर आत बसून घट्ट होतो आणि गटार तुंबतं. आम्ही २०० लिटरच्या ड्रममध्ये भरून ठेवला, गाळ खाली बसू दिला आणि सुकल्यावर तो राडारोड्यासोबत ठेकेदाराच्या ट्रॅक्टरमधून गेला. शेजारचे एक आबा विचारत होते, "चुनाच आहे ना, केळीत टाकू का?" नका टाकू. आपल्या तापीकाठच्या जमिनीत आधीच चुनखडी भरपूर, त्यात हे कशाला.

१३ तारखेच्या संध्याकाळी डेन्सिफायर. पंखे बंद केले, कारण वारा लागून ते लवकर सुकलं तर पांढरी पुटं धरतात आणि ती काढणं महाकठीण. अर्धा तास फरशी ओली ठेवायची, कुठे सुकतंय दिसलं की तिकडे ओढायचं, मग उरलेलं वायपरने काढायचं. दुसऱ्या दिवशी ४०० आणि ८०० ग्रिट. ४०० पर्यंत फरशी नुसती गुळगुळीत वाटते, ८०० ला खिडक्या दिसू लागल्या. जोडांच्या खाचा साफ करून त्यात पॉलियुरियाचं (रबरासारखं लवचिक) फिलर भरलं. १५ ला गार्डचा पहिला हात, १६ ला दुसरा, दोन्ही अगदी पातळ. जाड लावला तर ओघळ आणि पट्टे दिसतात. पॅड फिरवून बफिंग झालं आणि १७ ला सकाळी जनरेटर लग्नाला गेला.

त्याच दिवसांत अभ्यासिकेची बाजू आम्ही आमच्या आम्हीच धुतली. भाड्याने आणलेलं छोटं सिंगल डिस्क मशीन, तेच क्लीनर, आणि घासून झाल्यावर साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा पुसणं. क्लीनरचा अंश राहिला तर फरशी चिकट होते, म्हणून शेवटच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवून ती सातच्या जवळ येईपर्यंत थांबलो नाही. पट्ट्यांचं पाकीट तेव्हा १५० रुपयांना मिळालं.

खर्च असा. १,४०० फुटांचे ८५ रुपयांनी १,१९,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,४२०, एकूण १,४०,४२०. जनरेटरचं भाडं आणि डिझेल ३१,०००. टँकर, हमाली, क्लीनर, छोट्या मशीनचं भाडं धरून ४,२००. म्हणजे १,७५,६२० रुपये. थ्री फेज जोडणी असती तर यातला मोठा आकडा वाचला असता.

इथपर्यंतचं काम ठेकेदाराचं. त्यानंतर वर्षभर फरशी ज्यांनी ठेवली त्या आमच्या मावशी. त्या रोज सकाळी सहाला येतात, आणि वर्षानुवर्षं त्यांना "फिनेल टाका, अ‍ॅसिड टाका" हे आम्हीच सांगत आलो. मी त्यांना नवी पद्धत समजावायला घेतली, एक बादली, त्यात दोन झाकणं न्यूट्रल (पीएच सातच्या जवळचं) क्लीनर. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ताई, काया पान्यानं पुसलं त फरशी कायीच व्हईन ना. दोन बादल्या द्या." एका बादलीत क्लीनर, दुसरीत मॉप खळबळून पिळायला साधं पाणी. नंतर मी वाचलं तर सगळीकडे हेच सांगतात.

रोजचं काम पुसणं नाही, कोरडं झाडणं. २४ इंची मायक्रोफायबरचा कोरडा मॉप, ८५० रुपयांचा, न उचलता एका दिशेने ढकलत न्यायचा. या फरशीचा खरा शत्रू धूळ आहे. मातीतले वाळूचे कण पायाखाली सँडपेपरचं काम करतात. म्हणून ओलं पुसणं आठवड्यातून दोनदा आणि झाडणं रोज. एप्रिल-मे मध्ये, पारा ४५ च्या आसपास आणि वाऱ्याबरोबर धूळ, तेव्हा दिवसातून दोनदा. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर काळी माती येते, ती ओली असताना फासायची नाही, सुकू द्यायची आणि झाडायची. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं आणि आत दहा फूट लांब कापडी पट्टी टाकली, म्हणजे माणूस आत येईपर्यंत तीन-चार पावलं त्यावर पडतात. काळ्या रबराच्या पाठीचं पायपुसणं आत टाकू नका, रबराचा डाग उतरतो. जळगावच्या प्लॅस्टिकच्या चटया कार्यक्रमाला अंथरतो, त्या कार्यक्रम संपला की लगेच गुंडाळायच्या. खाली अडकलेली वाळू माणसं बसल्या-उठल्यावर घासली जाते.

पाण्याचा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांत चिवट. बोअरचं पाणी जड, फरशी सुकली की पांढरी झाक. आता पुसायला नळाचं पाणी वेगळं भरून ठेवतो आणि पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं. हॉलमधल्या आरओचं वाया जाणारं पाणी पुसायला वापरण्याची पद्धत होती, पाणी वाचवायचं म्हणून. चांगला विचार, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते आता संडासात वापरतो.

फिनेल बंद केल्यावर तक्रारी आल्या. "वासच येत नाही, पुसलं की नाही?" ज्येष्ठ वाचकांना ते पटवायला मला ठेकेदाराशी घासाघीस करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. एका गृहस्थांनी घरून बाटली आणून मावशींच्या हातात दिली. मावशींनी ती संडासासाठी ठेवून घेतली.

डागांचं. मतदानाच्या दिवशी टेबलाखाली पक्क्या शाईचे दोन थेंब पडले. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेडात ते काळंजांभळं होतं. लगेच पुसलं असतं तर कदाचित निघालं असतं, संध्याकाळी दिसलं तोवर बसलं होतं. काहीही उपाय न करता ते तसेच ठेवायचं ठरवलं, कारण त्यावर जे चालेल ते फरशीलाही खाईल.

डिसेंबरात हॉलमध्ये भरीत पार्टी झाली. खानदेशात हिवाळ्यात भरीत नाही म्हणणार कोण? पण भरीत म्हणजे तेल, आणि तेल गार्डमधूनही हळूहळू मुरतं. सकाळी थाळीएवढे चार काळपट डाग. खडूची भुकटी क्लीनरमध्ये कालवून घट्ट लेप केला, डागावर अर्धा इंच थापला, वर प्लॅस्टिक लावून रात्रभर ठेवला. लेप सुकताना तेल वर ओढून घेतो. एकदा केल्यावर फिका झाला, पुन्हा केल्यावर शोधावा लागला. भुकटी म्हणून रांगोळी वापरू नका, ती दगडाची असते, ओरखडे पडतात. वरणाच्या हळदीचे डाग खिडकीजवळ होते ते उन्हाने आपोआप उडाले, आतल्या बाजूचे मात्र महिनाभर राहिले. केळीच्या पानांचा चीक सांडला तर ताबडतोब पाण्याने पुसा. तासाभराने तपकिरी होतो आणि मग त्याच्या नादी लागू नये. लिंबू, चिंच, ताक, सोलकढी यांचं तेच. पंगत बसली की मावशी ओला फडका घेऊन दाराशी उभ्या असतात आणि ताक सांडलं की यजमानालाही उठवतात. पंगतीच्या हॉलभाड्यात आता ५०० रुपये स्वच्छता शुल्क घेतो, त्यातले अर्धे त्यांचे.

अभ्यासिकेतल्या लोखंडी खुर्च्यांना फेल्टचे चिकट गोल लावले होते, ते उन्हाळ्यात गोंद वितळून पडले. पायात घालायच्या टोप्या, तळाला फेल्ट असलेल्या, जास्त टिकतात.

जानेवारीत थंडी पडली तेव्हा दाराजवळच्या दोन जोडांत फिलर आणि काँक्रीटमध्ये केसाएवढी फट दिसली. मी घाबरून फोटो पाठवले. ठेकेदाराचं म्हणणं, थंडीत काँक्रीट आकसतं, फट उन्हाळ्यात मिटते, तेव्हा बघू. मे मध्ये एक मिटली, दुसरी राहिली आणि तिची कड तुटू लागली होती. राखून ठेवलेले ५,९५० रुपये नानांनी सोडले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये माणूस आला, तो जोड खरवडून पुन्हा भरला, चालण्याच्या वाटेवर गार्डचा एक हात दिला. गार्डचे वेगळे ९ रुपये फुटाने झाले, कारण ते करारात नव्हतं. पुढच्या वेळी कार्यादेशात पहिल्या वर्षाचा गार्ड धरून दर मागणार आहोत. गार्ड लागलाय की संपलाय हे बघायला पाण्याचा थेंब टाका, चार-पाच मिनिटांत खालची फरशी गडद झाली तर पुन्हा द्यायची वेळ आली. आमच्या हॉलमध्ये भिंतीकडेला अजून थेंब तसाच राहतो, दाराशी मात्र मुरायला लागलाय, त्यामुळे दरवर्षी पूर्ण हॉलला न देता फक्त वाटांना द्यायचा, असं सध्या ठरलं आहे.